६ डिसेंबर १९५६ : त्या दिवशी अनसिंगची माणसं कुठं होती?



समाजबांधवांनो, आपल्या विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका काढायची ठरली तेव्हा मंडळाने माझ्याकडे एक काम दिले. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले त्या दिवशी आपल्या अनसिंगचे लोक कुठे होते, बातमी त्यांना कशी कळली, आणि मुंबईला अंत्ययात्रेला कोण कोण गेले होते, त्यांच्या नावांची यादी करायची. मला वाटले, आठ दिवसांचे काम आहे. गिरणीतली पाळी संपली की वही घेऊन दोन घरे करायची, संपले. प्रत्यक्षात त्याला चार महिने लागले, आणि घरात भांडण झाले ते वेगळेच.

माझा जन्म त्यानंतर चौदा-पंधरा वर्षांनी झाला. म्हणजे मला स्वतःला त्या दिवसाचे काही सांगता येत नाही. त्या वेळी जे कर्ते पुरुष होते ते सारे गेले. आज सांगणारे जे उरले आहेत ते तेव्हा आठ, दहा, बारा वर्षांची पोरे होती. त्यातल्या पाचजणांशी मी बोललो.

आधी दिल्ली-मुंबईकडे काय घडले ते सांगतो, कारण त्याच्या वेळा पाहिल्याशिवाय आपल्या गावच्या आठवणींचा मेळ लागत नाही. नोव्हेंबर महिन्यात बाबासाहेब काठमांडूला जागतिक बौद्ध परिषदेला गेले होते. तिथून काशी, सारनाथ, कुशीनगर करून महिनाअखेरीस ते दिल्लीला परतले. ५ डिसेंबरच्या रात्री २६, अलीपूर रोडच्या बंगल्यात त्यांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेचे कागद हाताशी घेतले होते. आचार्य अत्रे आणि एस. एम. जोशी यांना लिहिलेली पत्रेही तिथेच होती. ६ तारखेला, गुरुवारी सकाळी ते झोपेतून उठलेच नाहीत. लोकसभेत पंडित नेहरूंनी श्रद्धांजली वाहिली व सभागृहाचे काम त्या दिवसापुरते थांबवण्यात आले. रात्री विमानाने पार्थिव निघाले, ते ७ तारखेच्या पहाटे मुंबईत उतरले व दादरला राजगृहावर आणले. दुपारी अंत्ययात्रा निघाली, आणि संध्याकाळी दादरच्या चौपाटीवर भैय्यासाहेबांनी अग्नी दिला. त्या दिवशी मुंबईतल्या कितीतरी गिरण्यांची चाके थांबली, गोदीचा कामगार कामावर गेला नाही. चितेच्या साक्षीने भदंत आनंद कौसल्यायन यांनी जमलेल्या अफाट जनसमुदायाला तिथेच धम्मदीक्षा दिली. मुंबईचा दीक्षा समारंभ १६ डिसेंबरला ठरलेला होता. तो बाबासाहेबांच्या हातून व्हायचा होता.

नागपूरची दीक्षा १४ ऑक्टोबरची. तिथून ६ डिसेंबरपर्यंत मोजले तर दिवस भरतात त्रेपन्न. बाप भेटला अन् दोन महिन्यांच्या आत गेला, अशी आपली गत झाली.

आता अनसिंगकडे येऊ. तेव्हा आपण अकोला जिल्ह्यात होतो, वाशिम जिल्हा झाला १९९८ साली. विदर्भ मुंबई राज्यात येऊन महिना-सव्वा महिनाच झाला होता. पुऱ्यात रेडिओ कुणाकडे असण्याचा प्रश्नच नव्हता. दिवस कापूस वेचणीचे होते. बाया-पोरी दुसऱ्याच्या वावरात वेचायला जात आणि गडीमाणसे बैलगाड्या भरून वाशिमला जिनिंगवर कापूस नेत. वाशिम इथून सात-आठ कोस. ज्यांना मी विचारले त्यातले तिघेजण एवढ्या एका गोष्टीवर एकमताने सांगतात की बातमी आणली ती कापसाच्या गाडीनेच. मालकाची गाडी हाकायला आपल्या पुऱ्यातला माणूस गेला होता, त्याने वाशिमला बाजारात ऐकले, आणि रात्रभर गाडी हाकून पहाटे, म्हणजे ७ तारखेच्या पहाटे, तो पुऱ्यात आला.

त्या गाडीत त्याचा दहा वर्षांचा मुलगाही होता. ते काका आज ऐंशीच्या घरात आहेत, नजर कमी झाली पण बोलणे खणखणीत. ते म्हणाले, “टिपूर चांदणं होतं बापू. बा गाडी हाकत होता अन् रडत होता. मले त्याचं तोंड दिसत होतं. मी बापाले रडतानी कवाच पायलं नव्हतं.”

हे ऐकून मीही रडलो. पण घरी आल्यावर हिशेब केला. १९५६ ची वैशाख पौर्णिमा, जी अडीच हजारावी बुद्धजयंती म्हणून जगभर साजरी झाली, ती २४ मे रोजी होती. तिथून पौर्णिमा-अमावस्या मोजत आले की २ डिसेंबरला अमावस्या येते. म्हणजे ६ तारखेला चतुर्थीची कोर, ती रात्रीची लवकरच मावळली असणार. टिपूर चांदणे त्या रात्री असूच शकत नाही. पुन्हा गेलो तेव्हा मी त्यांना हे सांगितले नाही. नुसते विचारले, काका, गाडीला कंदील होता का? ते म्हणाले, “होता ना. बानं आसाले बांधला होता. अंधारात बैल बिचकत होते.” एकाच माणसाच्या आठवणीत एकाच रात्री चांदणेही आहे अन् अंधारही. बापाचे तोंड त्यांना दिसले हे मात्र मी खरे धरले आहे. कंदिलाच्या उजेडात दिसले असेल.

दुसरे एक गृहस्थ तेव्हा चौथीत होते. ते सांगतात, शाळा भरली होती आणि मास्तरांनी सांगितले म्हणून सुटी झाली. एक बाई सांगतात, त्या न्हाणीत होत्या आणि बाहेर बाया एकदम ओरडायला लागल्या तेव्हा त्यांना वाटले आग लागली. आणखी एकजण छातीठोकपणे म्हणाले की, ६ तारखेला सकाळी आठ वाजता आम्ही रेडिओवर ऐकले. सकाळी आठला दिल्लीत घरच्यांनाच नुकते कळत होते, तर आकाशवाणी सांगणार कुठून! पण ते ऐकेनात. मी वहीत त्यांच्या शब्दांत लिहून घेतले आणि समोर आपले मत लिहिले.

आता माझ्या घराविषयी. हे लिहू नये असे आमच्या काकांचे म्हणणे आहे, पण दुसऱ्यांच्या आजोबांचा हिशेब तपासायचा अन् आपल्या आजोबांचा झाकून ठेवायचा, हे मला जमणार नाही.

माझे आजोबा बाबासाहेबांच्या अंत्ययात्रेत होते, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. दर ६ डिसेंबरला पुऱ्यात अभिवादन सभा व्हायची, मेणबत्त्या लागायच्या, आणि आजोबांना पुढे बसवायचे. मग ते सांगायचे : चौपाटीवर माणसांचा समुद्र, समोर पाण्याचा समुद्र. मी आठ-नऊ वर्षांचा होईस्तोवर ते हयात होते. आमच्या घराला त्यामुळे मान होता, खोटे कशाला बोला. यादीत पहिले नाव त्यांचेच पडणार हे मंडळानेही गृहीत धरले होते.

पण वेळा मांडून पाहा. बातमी पुऱ्यात आली ७ तारखेच्या पहाटे. कोणी त्याच घटकेला निघाला तरी सात-आठ कोस पायी वाशिम, म्हणजे दुपार. वाशिमहून तेव्हा मीटरगेजची छोटी गाडी. ती लाईन ब्रॉडगेज झाली २००८ साली. त्या गाडीने अकोल्याला जायचे अन् तिथे मोठ्या लाईनची मुंबईची गाडी धरायची, तो पुढचा रात्रभराचा प्रवास. कसाही पळाला तरी माणूस ८ तारखेच्या आधी दादरला पोचत नाही. अग्नी दिला ७ तारखेच्या संध्याकाळी. जे आधीच अकोल्याला किंवा मुंबईला कामाला होते त्यांची गोष्ट वेगळी. आजोबा इथे होते.

हे घेऊन मी आत्याकडे गेलो. आत्या तेव्हा नऊ वर्षांची, आजीबरोबर पऱ्हाटीत कापूस वेचत होती. तिने जे सांगितले ते तिच्याच भाषेत देतो.

“आमी वाईच वेचलं असन, तं बांधावरून कोनीतरी आवाज देल्ला. मायनं ओटी तशीच सोडली, कापूस खाली सांडला. घरी आलो तं बा निघाला होता. पैसा कुठी होता घरात? मायनं हातातले चांदीचे गोट काढले अन् सावकाराकडं ठेवून पैसे आनून देल्ले. बा गेला. तिसऱ्या दिवशी परत आला. कोनाशी बोललाच नाई. पैसे मायच्या हातावर ठेवले, थोडेसेच कमी होते. माय दुसऱ्या दिवशी गेली अन् गोट सोडवून आनले.”

मी विचारले, म्हणजे आजोबा मुंबईला गेलेच नाहीत?

आत्या म्हणाली, “मुंबईले गेले असते तं गोट सुटले असते का बाबू?”

ते गोट आजीने माझ्या आईला दिले. अजून आमच्या घरी आहेत. लहानपणी मी ते खेळायला घेत असे, त्यांच्यावर हा असा पुरावा लिहिलेला आहे हे माहीत नव्हते.

आजोबा अकोल्यापर्यंत गेले. प्लॅटफॉर्मवर उभे राहायला जागा नव्हती, आणि तिथेच लोकांकडून कळले की अग्नी दिला गेला. रात्र तिथेच काढून ते परतले. एवढे त्यांनी आजीला नंतर कधीतरी सांगितले होते, आजीने आत्याला. पुऱ्यात मात्र त्यांना कोणी विचारले, गेला होता का, तर ते मान हलवत. पुढे हळूहळू चौपाटी त्यात आली. बघून आलेल्यांचे त्यांनी इतक्यांदा ऐकले असेल की ते त्यांचेच झाले.

आजोबा खोटे बोलले असे मी म्हणत नाही. त्याला आणखी एक कारण आहे. १४ ऑक्टोबरला आपल्या पुऱ्यातून माणसे नागपूरला गेली, त्यात आजोबा नव्हते. हातचे काम सोडवले नाही, आणि बाबासाहेब पुन्हा येतील, तेव्हा घेऊ दीक्षा, असे ते म्हणाले होते. त्रेपन्न दिवसांत दोनदा चुकलेला माणूस होता तो. सभेत पुढे बसून हे सांगायला किती हिंमत लागेल ते आपणच ठरवा. मला तरी ती झाली नसती.

आत्याने आणखी एक सांगितले, ते मला चौपाटीपेक्षा मोठे वाटते. परत आल्यावर आठवड्याच्या आत आजोबांनी घरातला देव्हारा, टाक, खंडोबा, मरीआई, जे काय होते ते फडक्यात बांधले आणि नेऊन पाण्यात सोडले. आजी घाबरली होती, घरात तान्हे मूल होते. आजोबांनी कुणा भंतेजींची वाट पाहिली नाही. बावीस प्रतिज्ञा छापलेला कागद नागपूरहून आलेल्यांनी आणला होता, तो एका शिकलेल्या पोराकडून वाचून घेतला. रीतसर दीक्षा नंतर गावात झाली तेव्हा घेतली. सरकारी खानेसुमारी पाहा : १९५१ साली आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत बौद्ध होते २,४८७. १९६१ साली झाले २७,८९,५०१. या आकड्यात नागपूरला हजर असलेले आहेत, दादरच्या चितेजवळ हात जोडून उभे असलेले आहेत. आणि अकोल्याच्या प्लॅटफॉर्मवरून परत फिरलेलेही आहेतच, त्यांचा हिशेब कोणी ठेवला नाही एवढेच.

माझ्या स्वतःच्या वाट्याला जो ६ डिसेंबर आला तो १९९२ चा. मी दादरला चैत्यभूमीच्या रांगेत होतो. संध्याकाळकडे कुजबुज सुरू झाली की अयोध्येत मशीद पाडली. गर्दीतून एक म्हातारी बाई म्हणाली, आजच्याच दिवशी काऊन? त्या रात्रीपासून मुंबई पेटली. आम्ही अनसिंगचे चौघेजण कसेबसे गाडीत शिरलो. तेव्हापासून दरवर्षी त्या तारखेच्या पेपरात आपल्या बाबासाहेबांना कोपरा मिळतो आणि मोठा मथळा दुसऱ्याच गोष्टीचा असतो. मी रांगेत नेमका कुठे होतो, दर्शन झाले होते की व्हायचे होते, हे मला आज खात्रीने सांगता येत नाही. बरोबरचे दोघे म्हणतात झाले होते, एकजण म्हणतो नव्हते. याला फार वर्षे झाली नाहीत आणि आम्ही चौघेही जिवंत आहोत. म्हणून त्या काकांच्या चांदण्याला मी हसत नाही.

यादीवरून मंडळाच्या बैठकीत बरीच चर्चा झाली. काकांचे म्हणणे, बाप मेला त्याला चाळीसवर वर्षे झाली, आता त्याचे नाव खोडून काय मिळवशील? काही जण म्हणाले, राहू द्या, कोण तपासायला येतो. शेवटी असे ठरले की ‘अंत्ययात्रेस उपस्थित’ हा रकाना काढून टाकायचा. त्याऐवजी ‘बातमी कळली तेव्हा कुठे’ आणि ‘कुठपर्यंत गेले’ असे दोन रकाने करायचे. त्यामुळे ज्या बाया-पोरी कुठेच गेल्या नाहीत, वावरातच होत्या, त्यांचीही नावे यादीत आली. आधीच्या यादीत एकही बाई नव्हती, हे आमच्या कुणाच्या लक्षात आले नव्हते.

यादी पुढच्या पानावर दिली आहे. अजून दोन आज्या लेकींकडे परगावी आहेत, त्यांच्याकडे जाणे व्हायचे आहे, म्हणून शेवटी जागा कोरी ठेवली आहे. माझ्या आजीच्या नावापुढे ‘पऱ्हाटीत’ असे आहे. आजोबांच्या नावापुढे लिहिले आहे, ‘अकोला स्टेशनपर्यंत’.

जय भीम!