विहारात गणित : लेणीतल्या हिशेबापासून ६१७४ पर्यंत

गणिताचे नाव काढले की आपल्या वस्तीतली बरीच मुले मागे सरतात. पुढे पोलीस भरती, रेल्वे, बँक, एमपीएससी अशा प्रत्येक परीक्षेत हेच गणित आडवे येते. ही भीती फक्त शाळेच्या तासाने जात नाही. ज्या समाजमंदिरात जयंतीची तयारी होते, अभ्यासिका चालते, तिथेच गणिताची गोडीही लावता येते. त्यासाठी लागणारे साहित्य आपल्याजवळ आहे.

त्रिरश्मी लेणीतला हिशेब

नाशिकच्या त्रिरश्मी बुद्ध लेणीत (पांडवलेणी) १० क्रमांकाच्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. भिक्खुसंघासाठी त्याने ३,००० कार्षापण कायमची ठेव म्हणून विणकरांच्या श्रेणींकडे ठेवले. त्यातील २,००० वर दरमहा शेकडा १ व्याज होते. वर्षावासातल्या २० भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण द्यायचे होते.

मुलांना एवढेच विचारा : पैसे पुरतात का? महिन्याचे व्याज २०, वर्षाचे २४०. आणि २० × १२ सुद्धा २४०. हिशेब चोख जुळतो.

मग आजचा प्रश्न घ्या. १०,००० रुपये 'शेकडा ३' ने काढले तर महिन्याला ३०० म्हणजे वर्षाला ३,६०० रुपये व्याज. दर ३६ टक्के! उषवदाताचा दर वर्षाला १२ टक्के होता. हे गणित मुलांबरोबर त्यांच्या आयांनीही करायला हवे.

डहाणूचे कापरेकर गुरुजी

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूला झाला. शालेय शिक्षण ठाण्यात झाले आणि नोकरी देवळालीच्या शाळेत. मोठ्या विद्यापीठातले पद नसलेल्या या शिक्षकाने १९४९ मध्ये ६१७४ या संख्येची गंमत जगापुढे मांडली. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिले आणि हे नाव जगभर पोहोचले.

खेळ सोपा आहे. चारही अंक सारखे नसलेली चार अंकी संख्या घ्या. तिच्या अंकांपासून होणाऱ्या सर्वांत मोठ्या संख्येतून सर्वांत लहान संख्या वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच करा. धम्मदीक्षेचे वर्ष १९५६ घेऊ :

९६५१ − १५६९ = ८०८२
८८२० − ०२८८ = ८५३२
८५३२ − २३५८ = ६१७४

जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतेच. बाबासाहेबांचे जन्मवर्ष १८९१ किती पायऱ्या घेते, ते मुलांना शोधू द्या.

डोंगरीत काय करता येईल?

मीरा-भाईंदरमधल्या डोंगरीत मेट्रो ९ च्या कारशेडसाठी झाडे तोडण्यावरून रहिवाशांनी विरोध केला. अशा वादात दोन्ही बाजू आकडे मांडतात. ते आकडे तपासता आले पाहिजेत. म्हणून मुलांना झाडे मोजायला न्या. एक मीटरची काठी उन्हात उभी करा. तिची सावली अर्धा मीटर आणि त्याच वेळी, सपाट जमिनीवर झाडाची सावली चार मीटर पडली, तर झाड आठ मीटर उंच. दोरीने खोडाचा घेर मोजा, वहीत नोंदवा, गटागटांच्या नोंदी ताडून पाहा. हीच सवय पुढे महापालिकेचा अर्थसंकल्प वाचताना कामी येते. बाबासाहेबांनी १९२३ च्या 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या ग्रंथात चलनावरचा युक्तिवाद आकडेवारीच्या आधारेच मांडला होता.

सुरुवात कधी करावी?

२२ डिसेंबर हा रामानुजन यांचा जन्मदिवस राष्ट्रीय गणित दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवसापासून कापरेकरांच्या जयंतीपर्यंत, १७ जानेवारीपर्यंत, दर रविवारी एक तास ठेवा. मधेच ३ जानेवारीला सावित्रीमाईंची जयंती येते. त्या दिवशी फळ्यावर मुलींनी शिकवावे.

स्पर्धा आणि बक्षिसे पहिल्या वर्षी नकोत. हरण्याच्या भीतीने मागे बसणारे मूलच आपल्याला पुढे आणायचे आहे. उत्तर चुकले तर 'कसे काढलेस?' एवढेच विचारा. शाळेतल्या एका गणित शिक्षकाला सोबत घ्या. खर्च फळा, खडू, दोरी आणि काठीचा.