उलटे झालेले कोयते

विजयदुर्गाच्या किल्ल्यात काही दगडी ओटे आहेत. गावात त्यांना 'साहेबाचे ओटे' म्हणतात. कुणालाही विचारा, तो सांगेल की १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाला लॉकियर नावाचा साहेब इथे आला, या ओट्यांवर त्यानं दुर्बिणी मांडल्या आणि सूर्यावरचा हीलियम शोधून काढला. दरवर्षी १८ ऑगस्टला किल्ल्यात हीलियम दिनही साजरा होतो.

माझी आजी मात्र वेगळं सांगायची. तिच्या गोष्टीत तारीख नव्हती, हीलियम तर नव्हताच. 'सासूबाय धा वर्साची होती, तेवां साहेब इलो,' इथून तिची सुरुवात व्हायची. मुंबईत प्लेग होता, गिरणीतली माणसं जीव मुठीत धरून गावाकडे परतत होती, आणि त्याच हंगामात खाडीच्या तोंडाशी मोठी आगबोट उभी राहिली. गोरे खलाशी पेट्या वाहून किल्ल्यात नेऊ लागले. गावात बातमी पसरली की साहेब सूर्याला पेटीत घालणार आहे.

आजीच्या सासूचं वय आणि प्लेगचा काळ यांची सांगड घातली, तर १८६८ साल काही केल्या बसत नाही. बसतं ते १८९८. कागदपत्रंही तेच सांगतात. २२ जानेवारी १८९८, शनिवार, पौष अमावास्या. त्या दिवशी सर नॉर्मन लॉकियर खरोखरच विजयदुर्गात होते. 'मेल्पोमिनी' ही ब्रिटिश आरमाराची नौका त्यांच्या दिमतीला होती आणि तिच्यावरच्या खलाशांनाच त्यांनी निरीक्षणाच्या कामाला लावलं होतं. भिंगापुढे प्रिझम बसवलेले कॅमेरे होते, त्यांतून सूर्याच्या प्रकाशाचे रंग सुटे होऊन काचेवर उमटत. म्हणजे सूर्य पेटीत घातला ही गावातली बातमी तशी खरीच होती.

१८६८ ची गोष्टही खोटी नाही, ती फक्त दुसऱ्या माणसांची आहे. त्या ग्रहणाचा पट्टा कोकणातूनच आत शिरला आणि पूर्व किनाऱ्यावर मछलीपट्टणकडे गेला. पटवर्धनांच्या जमखंडीत लेफ्टनंट जॉन हर्शेल ढगांच्या फटीतून सूर्य पकडायला धडपडत होते. गुंटूरला फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सन होते. सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांचा वर्णपट त्यांना इतका ठसठशीत दिसला की ग्रहण सुटल्यावर दुसऱ्या दिवशी उघड्या सूर्यावरही त्यांनी तो शोधला, आणि तो सापडला. लॉकियर त्या वर्षी हिंदुस्थानात आलेच नव्हते. त्यांनी २० ऑक्टोबरला इंग्लंडात बसून, ग्रहण नसताना, हेच साधलं. दोघांची पत्रं पॅरिसच्या अकादमीत एकाच दिवशी पोचली, आणि फ्रेंचांनी पुढे दोघांचेही चेहरे असलेलं पदक काढलं. त्या वर्णपटातली एक पिवळी रेघ कुठल्याच ओळखीच्या मूलद्रव्याशी जुळेना. तोच हीलियम. पृथ्वीवर तो सापडायला १८९५ उजाडलं, म्हणजे लॉकियर विजयदुर्गात उतरण्याच्या तीनच वर्षं आधी.

गावानं लॉकियरांचं नाव राखलं, ओटे राखले, साल तेवढं तीस वर्षं मागे सरकलं. मला त्याचा राग येत नाही. पण किल्ल्यावर पाटी लावायची तर १८९८ ची लावावी. ते ग्रहण काही कमी मोलाचं नव्हतं. त्याचा पट्टा किनाऱ्यावरून थेट महाराष्ट्राच्या अंगावरून गेला. सोलापूरकडच्या जेऊरला अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल तळ ठोकून होते. पुण्याच्या वेधशाळेचे कावसजी दादाभाई नेगमवालाही तिथेच होते. आपल्या मातीतल्या माणसानं आपल्याच मुलखात उभं राहून खग्रास सूर्याचा अभ्यास केला, हे किती मराठी शाळांत सांगितलं जातं?

आता आजीच्या सासूकडे येतो, कारण माझ्या लेखी त्या दिवसाचं सगळ्यात मोठं निरीक्षण तिचं आहे.

वेध लागले होते. चूल थंड होती. पाण्याच्या कळशीत तुळशीची पानं, लोणच्याच्या बरणीवर दर्भाची काडी. दारं लावून घरातल्या बायका जप करत बसलेल्या. बाहेर जायची मुलांची टाप नव्हती. कौलांच्या बारीक फटींतून एरवी सारवलेल्या भुईवर गोल कवडसे पडत. त्या दुपारी ते गोल राहिले नाहीत. आजी सासूच्याच शब्दांत सांगायची, 'भुयेर सगळे कोयते पडले.' आधी जाड, मग बारीक, आणखी बारीक. मग एकदम सगळे नाहीसे झाले. घरात अंधार, कोंबड्या चिडीचूप. आणि थोड्या वेळानं ते परत आले. 'पण उलटे,' आजी म्हणायची. 'परत इले ते उलटे.'

लहानपणी मी हे गोष्टीतली गंमत म्हणून ऐकलं. कळत्या वयात खगोलाची पुस्तकं हातात आली, तेव्हा अंगावर काटा आला. फटीतून पडणारा कवडसा ही सूर्याची प्रतिमाच असते. चंद्र सूर्यावर पश्चिमेकडून चढतो, म्हणून ग्रासताना पूर्वेची कोर उरते. खग्रास झाल्यावर तो पूर्वेकडे सरकतो, तेव्हा पश्चिमेची कोर आधी उघडी होते. कोयता उलटा होणारच. आणि मध्ये कोर पूर्ण नाहीशी होते ती फक्त खग्रास पट्ट्यातच. शाळेचं तोंड न पाहिलेल्या दहा वर्षांच्या मुलीनं बंद घरात बसून जे पाहिलं ते बिनचूक होतं, आणि तीन पिढ्या ते बिनचूक सांगितलं गेलं. किल्ल्यातल्या साहेबाच्या नोंदी छापल्या गेल्या. हिची नोंद आजीच्या तोंडी उरली.

माझ्या वाट्याला पहिलं ग्रहण आलं ते १६ फेब्रुवारी १९८० चं. मुंबईत ते खंडग्रास होतं, तरी रस्ते ओस पडले होते. दूरदर्शननं भर दुपारी हिंदी सिनेमा लावला, लोकांनी घरात बसावं म्हणून. चाळीत खिडक्यांना चादरी लावल्या होत्या. खाली कुणीतरी 'दे दान सुटे गिराण' ओरडत गेला, तेवढाच आवाज. आजीनं मला आत बसायला सांगितलं आणि स्वतः तांदळाची चाळणी घेऊन गॅलरीत गेली. मग तिलाच राहवेना. 'ये झिला, वर बघू नको, खाली बघ.' फरशीवर शेकडो कोयते पडले होते. मी बोट लावलं तर एक माझ्या नखावर चढला.

त्याच दिवशी कारवार-अंकोल्याला सूर्य पुरता झाकला होता. गावाहून एसटीनं गाठता येईल एवढ्या अंतरावर. आमच्यातलं कुणी गेलं नाही, जावं असं कुणाला सुचलंही नाही. जुन्या माणसांच्या धास्तीला मी हसत नाही. खंडग्रास सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहिलं तर दृष्टी जाऊ शकते, आणि त्यांच्याकडे चष्मे कुठे होते? दार लावून घेणं हाच त्यांचा चष्मा. पण सूर्य पूर्ण झाकला जातो ती मोजकी मिनिटं उघड्या डोळ्यांनी पाहायचीच असतात. काळ्या बिंबाभोवतीचं पांढरं प्रभामंडल दुसऱ्या कशातूनही तसं दिसत नाही. धास्तीच्या पायी आपण नेमकी तीच मिनिटं गमावत आलो.

२२ जुलै २००९ ला मी सुरतेला गेलो. सकाळपासून ढग आणि पाऊस. अंधार आला, दिवे लागले, अंधार गेला. सूर्य दिसला नाही. पण ग्रहणांनाही कुळं असतात. साधारण अठरा वर्षं अकरा दिवसांनी त्याच कुळातलं पुढचं ग्रहण येतं, पृथ्वीच्या साधारण एक तृतीयांश फेऱ्याइतकं पश्चिमेकडे सरकून. आइन्स्टाईनचा सिद्धांत ज्यात पारखला गेला ते १९१९ चं ग्रहण सुरतेच्या ग्रहणाच्याच कुळातलं. सुरतेला ढगाआड गेलेल्या ग्रहणाचं पुढचं भावंड २ ऑगस्ट २०२७ ला येतंय. स्पेनच्या दक्षिण टोकावरून, उत्तर आफ्रिकेतून, इजिप्तमधल्या लक्सरवरून, अरबस्तानावरून ते जाईल. लक्सरजवळ सूर्य सहा मिनिटांहून जास्त वेळ झाकलेला राहील, आणि ऑगस्टात तिथे ढग सहसा फिरकत नाहीत. मी तिथे जाणार आहे. त्यासाठी पैसे बाजूला टाकतोय.

आपल्याकडे त्या दिवशी आषाढी अमावास्या, दिव्यांची अवस. पश्चिम भारतातून दुपारनंतर ग्रहण खंडग्रास दिसेल, पावसानं उघडीप दिली तर. प्रमाणित चष्मा आणून ठेवा, नाही मिळाला तर चाळणी घ्या. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना बाहेर आणून बसवा आणि त्यांनी काय काय पाहिलंय ते लिहून घ्या. भारताच्या भूमीवर त्यानंतरचं खग्रास ग्रहण २० मार्च २०३४ ला आहे, काश्मीर आणि लडाखात. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा आहे.