ऑशकॉशचा संघ

अमेरिकेतल्या एनबीए या बास्केटबॉल लीगमधल्या मिलवॉकी बक्स संघाने २०१७ च्या फेब्रुवारीत आपला दुय्यम संघ ऑशकॉशला ठेवण्याचे जाहीर केले. विस्कॉन्सिन राज्यात, विनेबागो सरोवराच्या काठी वसलेले हे साठ-पासष्ट हजार वस्तीचे शहर. तिथे व्यावसायिक बास्केटबॉल आता पहिल्यांदाच येत आहे, असे परक्या माणसाला वाटले असते. पण या शहराकडे एनबीएच्या जन्माआधी सतरा वर्षे स्वतःचा संघ होता, आणि तो कुणा मोठ्या शहराने दिलेला नव्हता.

त्यासाठी आपण १९२९ सालात जाऊ. लाकूड कापायच्या गिरण्या आणि दारे-खिडक्यांचे कारखाने यांवर वाढलेल्या या गावात लॉन डार्लिंग हा बियाण्यांच्या धंद्यातला गृहस्थ होता. त्याने स्थानिक लोकांना हाताशी धरून ‘ऑशकॉश ऑल-स्टार्स’ उभा केला. पुढे १९३७ मध्ये गुडइयर, फायरस्टोन आणि जनरल इलेक्ट्रिक या कंपन्यांच्या पुढाकाराने नॅशनल बास्केटबॉल लीग सुरू झाली, तेव्हा अॅक्रन, फोर्ट वेन अशा कारखान्यांच्या गावांबरोबर ऑशकॉशही तिच्यात होते. संघाचा आधार होता लेरॉय एडवर्ड्स, ऊर्फ ‘काउबॉय’. हा धिप्पाड गडी बास्केटखाली ठाण मांडून बसला की त्याला हलवणे कुणाला जमत नसे. त्या जागेत तीन सेकंदांहून जास्त थांबता येणार नाही, हा नियम येण्यामागे त्याच्या महाविद्यालयीन खेळाचाही वाटा होता. लीगच्या पहिल्या तिन्ही मोसमांत सर्वाधिक गुण त्याचेच, आणि तिन्ही अंतिम लढतींत ऑशकॉशच्या वाट्याला हारच. तिन्ही वेळा अॅक्रनच्याच संघांकडून. १९३९ मध्ये शिकागोच्या जागतिक व्यावसायिक स्पर्धेतही अंतिम सामना गेला, तो हार्लेमच्या ‘रेन्स’ या कृष्णवर्णीय खेळाडूंच्या संघाकडे. त्या काळातला सर्वोत्तम संघ कोणता, याचे उत्तर त्या दिवशी लीगबाहेरून आले, हे नोंदवलेच पाहिजे. अखेर १९४१ मध्ये शेजारच्या शेबॉयगनला ३-० ने हरवून ऑशकॉशने विजेतेपद मिळवले. १९४२ मध्ये ते राखले आणि शिकागोची स्पर्धाही जिंकली.

महायुद्धानंतर मात्र वारे फिरले. १९४६ मध्ये आइस हॉकीच्या भव्य प्रेक्षागृहांच्या मालकांनी, रिकाम्या रात्री भरून काढण्यासाठी, वेगळी संघटना काढली; एनबीए आपला जन्म तिच्यापासूनच मोजते. तिच्याकडे न्यूयॉर्क आणि बोस्टन होते. जुन्या लीगकडे उत्तम खेळाडू आणि शाळांच्या व्यायामशाळा. १९४९ च्या ऑगस्टमध्ये दोन्हींचे विलीनीकरण होऊन एनबीए हे नाव रूढ झाले. शेबॉयगनला त्यात एका मोसमापुरती जागा मिळाली. त्याच वर्षी जुन्या लीगच्या अंतिम फेरीपर्यंत पोहोचलेले ऑशकॉश बाहेरच राहिले आणि संघ संपला. माझ्या मते हा अन्याय होता; ज्या गावांनी हा धंदा जगवला, त्यांनाच तो परवडेनासा झाला.

लहान गावांचा बास्केटबॉल त्यानंतर वेगळ्या वाटेने टिकला. पेनसिल्व्हेनियात १९४६ मध्येच निघालेली, शनिवार-रविवारी खेळणारी ईस्टर्न लीग १९७८ मध्ये कॉन्टिनेंटल झाली आणि २००१ मध्ये दिवाळखोरीत गेली. त्याच वर्षी एनबीएने स्वतःची उमेदवारांची लीग काढली. तीच आजची ‘जी लीग’.

तिच्यातला संघ ठेवण्यासाठी बक्सनी अंतिम निवडीसाठी तीन शहरे ठेवली: रॅसीन, ऑशकॉश आणि, पाहा, शेबॉयगन. ऑशकॉशने बकस्टाफ या जुन्या फर्निचर कारखान्याच्या जागी, काही महिन्यांत, साडेतीन हजार आसनांचे प्रेक्षागृह उभारले. त्याला तेव्हा नाव मिळाले मेनॉमिनी या मूळनिवासी राष्ट्राचे. १८३६ च्या करारात या लोकांना इथली भूमी सोडावी लागली होती, आणि शहराचे नावही त्यांच्याच प्रमुखाचे आहे. २०१७ मध्ये तिथे बक्सचा ‘विस्कॉन्सिन हर्ड’ हा संघ खेळू लागला. त्याच मोसमात एनबीएने दुहेरी करार आणला. या करारातला खेळाडू ऑशकॉशमध्ये खेळतो आणि बोलावणे आले की मिलवॉकीला जातो. त्याला कधी बोलवायचे हे मिलवॉकीत ठरते. डार्लिंगच्या काळी असे निर्णय ऑशकॉशमध्येच होत.