बासनातली पोथी आणि डब्यातली डिस्क

आमच्या तीर्थपुरीकडच्या जुन्या घरांतून अजूनही एखादी पोथी बासनात बांधलेली सापडते. बासन सोडायचे, वाचायचे, पुन्हा नीट बांधून उंचावर ठेवायचे, ही शिस्त आजीने आम्हाला लावली होती. संगणक घरात आला आणि ती शिस्त मी विसरलो. त्याची ही गोष्ट.

2004 साली मी आसपासच्या गावांतून फिरून म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी टेपवर घेऊ लागलो. विषय एकच, 1948. रझाकारांची दहशत, 13 सप्टेंबरला सुरू झालेली पोलीस कारवाई आणि 17 सप्टेंबरचा तो दिवस. सांगणारे सगळे पंचाहत्तरीच्या पुढचे. दोन वर्षांनी संगणक घेतला, सारे आवाज त्यात भरले आणि मोठ्या काटकसरीने त्याच कॅसेटांवर नवी ध्वनिमुद्रणे केली. एवढ्याशा डब्यात सगळे मावले, याचेच कौतुक वाटत होते.

त्या वर्षांत भारनियमन आमच्या पाचवीला पुजलेले. काम चालू असताना पटकन वीज जायची. 2008 साली एके संध्याकाळी वीज परत आली, संगणक सुरू केला, तर आतून टक् टक् असा आवाज. मी बंद करून पुन्हा सुरू केला. एकदा नव्हे, दहादा. तीच माझी सर्वांत मोठी चूक होती, हे नंतर कळले.

हार्ड डिस्क म्हणजे काय, हे त्यानंतर मी शिकलो. तिचा इतिहास फार जुना नाही. 1956 साली आयबीएम कंपनीने रॅमॅक नावाचे यंत्र बाजारात आणले. त्यात 24 इंच व्यासाच्या 50 चकत्या होत्या आणि एवढ्या धुडात मावायची सुमारे 50 लाख अक्षरे. पुढे 1973 साली चकत्या आणि त्या वाचणारे हेड एकाच बंद डब्यात ठेवणारी ‘विंचेस्टर’ रचना आली. आजची हार्ड डिस्क त्याच कुळातली. चकती मिनिटाला 5400 किंवा 7200 फेरे घेते आणि हेड तिला न टेकता वर तरंगते. मधले अंतर केसाच्या जाडीच्या हजारो पटींनी कमी. म्हणून धुळीचा कण, धक्का, उष्णता हे तिचे वैरी. हेड बिघडले असताना मी यंत्र पुन्हापुन्हा चालवले, म्हणजे उरलेसुरले खरवडून काढले.

या धड्यासाठी मला इतक्या लांब जायची खरे तर गरज नव्हती. आमच्याच घनसावंगी तालुक्यातले जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकात लेखनक्रियेवर एक समास आहे. तो केवळ अक्षर वळणदार काढायला सांगत नाही. बासने, मेणकापड, पेट्या, कुलपे यांनी ग्रंथ जपायलाही सांगतो. पण पेटीलाही मर्यादा असते. म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या अखेरीस सिद्ध केलेल्या लीळाचरित्राची मूळ प्रत परचक्राच्या धामधुमीत नष्ट झाली, असे महानुभाव परंपरा सांगते. ग्रंथ टिकला तो अनुयायांना मुखोद्गत होता म्हणून. आठवणीतून तो पुन्हा उतरवला गेला, म्हणूनच त्याचे वेगवेगळे पाठ मिळतात. ग्रंथ वाचला, कारण तो एकाहून अधिक ठिकाणी होता.

आता मी काय करतो, ते सांगतो. संगणकाला यूपीएस आणि नीट अर्थिंग आहे. तो रीतसर बंद केल्याशिवाय बटण दाबत नाही. चालू असताना हलवत नाही. कॅबिनेटची धूळ अधूनमधून झटकतो, पण डिस्कचे झाकण कधीच उघडत नाही. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवते, तिला ‘स्मार्ट’ म्हणतात. ती महिन्यातून एकदा पाहतो. ही नोंद प्रत्येक वेळी आगाऊ इशारा देतेच असे नाही, हेही लक्षात ठेवतो. वेगळा आवाज आला की यंत्र बंद, आणि मग जाणकाराकडे.

पण ही सारी काळजी डिस्कचे आयुष्य वाढवते, तिला अमर करीत नाही. म्हणून प्रत्येक गोष्टीच्या तीन प्रती. एक संगणकात, दुसरी बाहेरच्या डिस्कवर, तिसरी दुसऱ्या गावी नातेवाइकांकडे. बाहेरची डिस्क काम झाले की काढून ठेवतो, म्हणजे व्हायरस किंवा विजेचा झटका दोघींना एकदम गाठत नाही. आणि दिवाळीत प्रत्येक प्रत उघडून ऐकतो. न उघडलेली प्रत आहे की नाही, हे कोणी सांगावे?

माझ्या त्या चाळीसेक आठवणींपैकी एकच उरली. एका घरच्या नातवाने आजोबांच्या आवाजाची सीडी मागून नेली होती. त्या वेळी मला तो हट्ट वाटला होता. बाकीच्यांकडे पुन्हा जावे म्हटले, तर तोवर बहुतेक जण या जगात नव्हते.

डिस्क नवी विकत मिळते. आपल्या घरातला जो आवाज एकाच जागी आहे, त्याची दुसरी प्रत आजच काढा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)