मधल्या फळीचा मानकरी : क्लायमॅक्स लॉरेन्स

धामणगाव रेल्वेच्या स्थानकाचे महत्त्व केवळ तेथे पिकणाऱ्या मालावरून ठरले नाही. यवतमाळकडील कापूस सडकेने तेथे येई, आगगाडीत चढे आणि मुंबईच्या वाटेस लागे. पिकविणाऱ्याचे नाव होई, विकत घेणाऱ्याचेही होई; मधल्या ठिकाणाची आठवण मात्र माल अडकला म्हणजेच होई. फुटबॉलच्या मैदानावर मधल्या फळीतील खेळाडूची गत अशीच असते. पिछाडीकडून चेंडू घ्यावा, प्रतिपक्षाचा हल्ला मोडावा, आघाडीच्या गड्यास वाट करून द्यावी आणि टाळ्या त्याच्या पदरी पडू द्याव्या, हेच त्याचे काम.

2007 साली जकार्ता येथे इराकने सौदी अरेबियास एका गोलने नमवून आशियाई चषक जिंकला. युद्धाने होरपळलेल्या त्या राष्ट्राने गोल करणारा युनिस महमूद डोक्यावर घेतला, आणि ते योग्यच होते. परंतु मैदानाच्या कोपऱ्यावरून तो चेंडू नेमका त्याच्या माथ्यावर पोहोचविणारा हवार मुल्ला मोहम्मद हा मधल्या फळीचा गडी होता.

आपल्याकडे या कामाचे उत्तम उदाहरण म्हणजे गोव्याचे क्लायमॅक्स लॉरेन्स. त्यांचा जन्म 1979 सालचा. गोव्यात फुटबॉल हा केवळ शहरी शोक नव्हे. भात कापून मोकळ्या झालेल्या खाचरांत तो गावोगाव रंगतो. अशा भूमीतून आलेल्या लॉरेन्स यांची कीर्ती पणजीच्या डेंपो संघात वाढली. आर्मांदो कुलासो यांच्या मार्गदर्शनाखाली या संघाने 2004-05 व 2006-07 या वर्षी राष्ट्रीय लीग आणि 2007-08, 2009-10 व 2011-12 या वर्षी आय-लीग जिंकली. पिछाडीस महेश गवळी आणि समीर नाईक, आघाडीस रँटी मार्टिन्स, आणि या दोहोंना जोडणारा सांधा म्हणजे लॉरेन्स. 2008 साली डेंपो संघ आशियाई महासंघाच्या चषकात उपांत्य फेरीपर्यंत गेला; तेथवर पोहोचणारा तो पहिला भारतीय संघ होय.

त्याच वर्षी एएफसी चॅलेंज चषकाचे सामने हैदराबादेस सुरू झाले. विजेत्यास 2011 च्या आशियाई चषकात थेट प्रवेश मिळणार होता, आणि 1984 नंतर भारताने त्या स्पर्धेचे अंगण पाहिले नव्हते. पहिलाच सामना अफगाणिस्तानशी. नव्वद मिनिटे संपली, तरी एकही गोल नाही. सामना बरोबरीत सुटणार असे वाटत असता जादा वेळेत गोल झाला, तो आघाडीच्या नामांकित गड्याचा नव्हे, तर लॉरेन्स यांचा! मोहिमेचा पाया या निसटत्या विजयाने घातला गेला. पुढे दिल्लीस अंतिम सामन्यात भारताने ताजिकिस्तानचा 4-1 असा पराभव केला. त्यात सुनील छेत्री यांनी तीन व बायचुंग भुतिया यांनी एक गोल केला. लोकांच्या स्मरणात ही दोन नावे राहिली.

सत्तावीस वर्षांनी उघडलेल्या दारापलीकडे मात्र कठोर सत्य उभे होते. जानेवारी 2011 मध्ये कतार येथे भारत ऑस्ट्रेलियाकडून 0-4, बहारीनकडून 2-5 आणि दक्षिण कोरियाकडून 1-4 असा हरला. तीन सामन्यांत तेरा गोल अंगावर आले. बलाढ्य संघापुढे चेंडू आपल्याकडे टिकत नसला, म्हणजे सारा भार प्रथम मधल्या फळीवर पडतो, आणि ती वाकली की पिछाडी उघडी पडते. लॉरेन्स व त्यांचे सहकारी तेथे थिटे पडले, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण परीक्षेस बसण्याचा अधिकार मिळविण्यात त्यांचा वाटा होता, हेही विसरणे न्याय्य नाही.

सुमारे दहा वर्षे देशाकडून खेळून 2012 साली ते आंतरराष्ट्रीय सामन्यांतून निवृत्त झाले. केवळ गोलांच्या तक्त्यावरून इतिहास लिहावयाचा तर त्यांच्या वाट्यास फार थोड्या ओळी येतील. गोल कोणी केला हे तक्ता सांगतो. चेंडू तेथवर कोणी आणला, हे सांगण्यासाठी खेळ पाहावा लागतो.