रिव्हॉल्वर : सुटे भाग पडल्यानंतरची तपासणी

साफसफाईसाठी उघडलेल्या रिव्हॉल्वरचे चक्र, दांडा, स्प्रिंग किंवा अन्य भाग हातातून निसटून जमिनीवर आदळल्यास ते शस्त्र पुन्हा वापरण्याजोगे आहे की नाही, हे ठरवण्यासाठी करावयाची पाहणी व मोजणी. या तपासणीचे मूळ तत्त्व असे की, पडलेले शस्त्र निर्दोष असल्याची खात्री पटेपर्यंत ते सदोष मानावे. काडतूस उडताना नळीत व चक्रात प्रचंड दाब निर्माण होतो. ०.३२ बोअरच्या नेहमीच्या काडतुसात तो सुमारे एक हजार वातावरणांपर्यंत जाऊ शकतो. असा दाब पेलणारा भाग केसाइतका जरी सरकला वा चिरला, तरी इजा चालवणाऱ्याला आणि शेजारी उभ्या असलेल्यालाही होऊ शकते.

प्रादेशिक संदर्भ. ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या पट्ट्याचा शस्त्रनिर्मितीशी जुना संबंध आहे. अंबरनाथला ऑर्डनन्स फॅक्टरी आणि मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी असे संरक्षण खात्याचे दोन कारखाने १९५० च्या दशकापासून आहेत. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ बरखास्त होऊन त्याच्या सात कंपन्या झाल्या, तेव्हा पहिला कारखाना यंत्र इंडिया लिमिटेडकडे आणि दुसरा आर्मर्ड व्हेइकल्स निगम लिमिटेडकडे गेला. येथे रिव्हॉल्वर बनत नाही, ०.३२ बोअरच्या भारतीय रिव्हॉल्वरचे घर कानपूर आहे. अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीची ओळख आहे ती पितळ व ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंच्या कामासाठी. काडतुसाचे पितळ म्हणजे साधारणपणे ७० टक्के तांबे व ३० टक्के जस्त. हे प्रमाण आणि शतांश मिलिमीटरची भाषा या गावातल्या अनेक कामगार कुटुंबांच्या रोजच्या बोलण्यातली आहे. पडलेल्या रिव्हॉल्वरची तपासणीही याच भाषेत करावी लागते.

रचना. रिव्हॉल्वरमध्ये सांगाडा, नळी, काडतुसांचे चक्र, घोडा, चाप, फायरिंग पिन आणि चक्र फिरवणारी व अडवणारी यंत्रणा हे मुख्य भाग असतात. सॅम्युएल कोल्टने १८३६ मध्ये अमेरिकेत याचे पेटंट घेतले. भारतात दोन प्रकार प्रामुख्याने आढळतात. पहिला वेब्ली पद्धतीचा. यात वरची कडी सोडली की नळी बिजागरीवर खाली वाकते आणि मधली चांदणी वर येऊन काडतुसे बाहेर काढते. कानपूरचे ०.३२ बोअरचे जुने रिव्हॉल्वर आणि २०१४ मध्ये आलेले, टायटॅनियम मिश्रधातूचे, सुमारे ५०० ग्रॅम वजनाचे ‘निर्भीक’ याच घराण्यातले. दुसऱ्या प्रकारात चक्र एका बाहूवर बाजूला उघडते. ऑगस्ट २०२३ मध्ये आलेले ‘प्रबल’ या प्रकारचे आहे. आदळल्यावर पहिल्या प्रकारात बिजागरी व कडी, तर दुसऱ्यात बाहू व काडतुसे बाहेर ढकलणारा दांडा आधी पाहावा.

धक्क्याचे परिणाम. घरातली शहाबादी फरशी किंवा लादी धक्का शोषत नाही. तो सगळा पोलादात जातो. चक्र कडेवर पडले तर कोठ्यांच्या तोंडाला खळगा पडतो आणि काडतूस पूर्ण आत बसत नाही. चक्राच्या मागच्या दात्यांपैकी एकाला मार लागला तर दोष एकाच कोठीपुरता राहतो आणि बाकीच्या पाच ठिकाणी शस्त्र व्यवस्थित चालते. म्हणूनच हा दोष सर्वांत जास्त फसवतो. कोठी नळीच्या रेषेत आली नाही तर गोळीचा कडेचा भाग खरवडला जातो आणि शिशाचे कण फटीतून बाजूला उडतात. दांडा वाकला तर चक्र एका जागी जड फिरते. बाहू वाकला तर चक्र व नळी यांमधली फट एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी होते. फायरिंग पिनचे टोक तुटून धारदार झाले तर ते काडतुसाची टोपी भोसकते आणि तप्त वायू मागे येतो.

तपासणीचा क्रम. भाग जोडण्याआधी काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवावीत. सर्व भाग पांढऱ्या कापडावर मांडून मोजावेत. छोटी स्प्रिंग किंवा स्क्रू हरवला असेल तर जुळणी तिथेच थांबवावी. मग पुढील क्रम पाळावा.

१. आदळल्याची जागा : पोलादावरील काळपट निळ्या थराला जिथे ताजी चकाकी दिसते, तिथे मार बसला असे समजावे. पावसाळ्यात उल्हास खोऱ्यातल्या दमट हवेत अशा उघड्या जागी लवकर तांबेरा धरतो. म्हणून जागा टिपून ठेवावी व तिथे पातळ तेल लावावे.

२. चीर : भिंग व तिरका प्रकाश वापरून सांगाडा, वरची पट्टी, बिजागरी व कोठ्यांमधल्या भिंती पाहाव्यात. रेल्वे कारखान्यांतली जुनी पद्धत येथेही उपयोगी पडते. भागाला पातळ तेल लावून थोडा वेळ ठेवावा, ते पूर्ण पुसावे आणि वर खडूची बारीक पूड चोळावी. चीर असेल तर तिच्यात मुरलेले तेल बाहेर येऊन पांढऱ्यावर काळसर रेघ उमटते. रेघ दिसली तर तो भाग बाद समजावा. रेघ न दिसणे हा मात्र निर्दोषपणाचा पुरावा नाही. चुंबकीय कण चाचणी कार्यशाळेतच होते.

३. नळी : तोंडाच्या कडेला खळगा, बाहेरून फुगवटा आणि समोरच्या नेमदर्शकाचा कल पाहावा. आतून प्रकाशाकडे पाहताना एखादे सावलीचे कडे दिसल्यास नळी फुगलेली असण्याची शक्यता असते.

४. चक्र व फट : जुळवलेल्या, रिकाम्या शस्त्रात चक्र व नळी यांमधली फट फीलर गेजने सहाही कोठ्यांवर मोजावी. बऱ्याच रिव्हॉल्वरमध्ये ती ०.१ ते ०.२ मिमीच्या आसपास असते. आकड्यापेक्षा सहाही ठिकाणी ती सारखी असणे महत्त्वाचे. फरक आढळल्यास बाहू, आस किंवा बिजागरी वाकलेली असू शकते.

५. अडकण : घोडा अंगठ्याने अगदी सावकाश मागे ओढावा. घोडा पूर्ण मागे पोहोचेपर्यंत चक्र खटकन अडकले पाहिजे. हे सहाही कोठ्यांवर करावे. अडकलेले चक्र बोटाने हलवून अधिक ढिलाई जाणवते का, हेही पाहावे.

६. घोडा : रिकाम्या शस्त्राचा घोडा पूर्ण मागे ठेवून अंगठ्याने मागून हलकेच दाबावा. तो चाप न ओढता पडला तर घोडा अडवून धरणारी खाच झिजली वा मोडली आहे. असे रिव्हॉल्वर भरणे म्हणजे अपघाताला बोलावणे आहे.

वाकलेला दांडा पकडीत धरून सरळ करणे, खाच कानशीने घासणे, स्प्रिंग ताणणे हे उपाय घरी करू नयेत. खाचेवरचा कडक थर कागदाइतका पातळ असतो. एकदा घासला की पुढची झीज झपाट्याने होते.

काडतुसे. शस्त्रासोबत काडतुसेही पडली असतील तर तीही तपासावीत. पितळेला पोचा, सैल झालेली किंवा आत दबलेली गोळी, टोपीवर ओरखडा यांपैकी काहीही दिसल्यास ते काडतूस वेगळे ठेवून अधिकृत विक्रेत्याकडे द्यावे. गोळी आत दबली की दारूची जागा कमी होऊन दाब वाढतो. महाराष्ट्रात पुण्याजवळील खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून चालू आहे. काडतुसाच्या बुडावरची ‘के एफ’ ही अक्षरे त्याचीच खूण.

भरलेले शस्त्र पडणे. सुटा भाग पडला तर दोष नंतर उघडकीस येतो. भरलेले शस्त्र पडले तर त्याच क्षणी जीव जाऊ शकतो. जुन्या रिव्हॉल्वरमध्ये घोडा टेकलेल्या जागी काडतूस असेल तर घोड्यावर बसलेला मारच गोळी उडवतो. १९४४ मध्ये अमेरिकी नौदलातील एक खलाशी जहाजावर पडलेल्या रिव्हॉल्वरच्या गोळीने मेला. त्यानंतर स्मिथ अँड वेसन कंपनीने घोडा रोखणारी नवी पट्टी बसवली. महाराष्ट्रातली अलीकडची घटना १ ऑक्टोबर २०२४ ची आहे. मुंबईत अभिनेते गोविंदा यांच्या पायाला त्यांच्याच परवानाधारक रिव्हॉल्वरची गोळी लागली. शस्त्र ठेवताना हातातून निसटले व गोळी सुटली, असे तेव्हा सांगण्यात आले. निसटणारे शस्त्र झेलण्याचा प्रयत्न करू नये, कारण झेलणारे बोट चापावर जाऊ शकते. हात बाजूला घेऊन ते पडू द्यावे.

कायदा व जबाबदारी. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ३ प्रमाणे शस्त्र बाळगण्यास, तर कलम ५ प्रमाणे शस्त्राची निर्मिती, विक्री, दुरुस्ती व चाचणी यांचा व्यवसाय करण्यास परवाना लागतो. लेथवर हात बसलेला ओळखीचा कारागीर कितीही कुशल असला तरी त्याच्याकडे हे काम देता येत नाही. ते परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे किंवा दुरुस्ती करणाऱ्याकडेच, मूळ परवाना सोबत नेऊन द्यावे. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ही तिन्ही शहरे ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या परिमंडळ ४ मध्ये येतात आणि तेथील परवाने आयुक्तालयातून दिले जातात. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आली आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे झाली. निवडणुकीच्या काळात अनेकांना शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करावे लागते. ते परत घेताना फट, अडकण व घोडा या तीन गोष्टी पुन्हा पाहून घेणे हिताचे, कारण दरम्यान शस्त्र अनेक हातांतून गेलेले असते. परवाना मालकाला शस्त्र बाळगण्याचा हक्क देतो. ते शस्त्र दुसऱ्या कोणाला धोकादायक ठरणार नाही याची जबाबदारी मात्र त्याची स्वतःचीच असते. तपासणीत शंका उरली तर गोळी उडवून ती फेडू नये. शस्त्र रिकामे करून कुलूपबंद ठेवावे आणि जाणकाराच्या हाती द्यावे.