सुरक्षा चिपची चालक आज्ञावली : त्रुटिहाताळणीचा इतिहास

संगणकातील सुरक्षा चिप आणि परिचालन प्रणालीचा गाभा म्हणजे कर्नल यांच्यात आज्ञा व उत्तरे यांची देवाणघेवाण घडवून आणणाऱ्या आज्ञावलीस त्या चिपची चालक आज्ञावली किंवा ड्रायव्हर म्हणतात. एखादी क्रिया अर्ध्यावर फसली असता तोवर घेतलेली साधने परत करून प्रणाली पूर्वस्थितीत आणणे, हे तिचे एक महत्त्वाचे कार्य होय. नित्याच्या वापरात हा भाग क्वचितच चालतो. त्यामुळे त्यातील दोष वर्षानुवर्षे दडून राहू शकतात. लिनक्स या परिचालन प्रणालीची संहिता व तीत झालेले बदल सर्वांस खुले असल्याने या विषयाचा इतिहास तिच्या आधारे चांगला अभ्यासता येतो.

सुरक्षा चिप : कॉम्पॅक, एचपी, आयबीएम, इंटेल व मायक्रोसॉफ्ट या कंपन्यांनी १९९९ मध्ये संगणकाच्या विश्वासार्हतेसाठी एक संघटना स्थापन केली. २००३ मध्ये तिची जागा ट्रस्टेड कंप्युटिंग ग्रुप या संस्थेने घेतली. टीपीएम या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सुरक्षा चिपची मानके या संस्थेने प्रसिद्ध केली. त्यांपैकी १·२ ही आवृत्ती २००९ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक म्हणून स्वीकारली गेली, तर २·० ही आवृत्ती २०१४ मध्ये जाहीर झाली. या चिपमध्ये गुप्त किल्ल्या अशा रीतीने ठेवता येतात की, त्या उघड स्वरूपात चिपबाहेर येत नाहीत. संगणक सुरू होताना चालणाऱ्या आज्ञावल्यांची मापनेही चिपमधील विशिष्ट नोंदकांत साठविली जातात. या नोंदकांत हवे ते मूल्य थेट लिहिता येत नाही. जुन्या मूल्यात नवे मापन मिसळूनच ते बदलते. त्यामुळे आरंभीच्या आज्ञावलीत कोणी फेरफार केल्यास तो उघडकीस येतो. २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ या प्रणालीने टीपीएम २·० ही अट घातल्यावर ही सोय सर्वसामान्य संगणकांत आवश्यक मानली जाऊ लागली. वसईजवळील वालीवसारख्या औद्योगिक परिसरातील एखाद्या लहान कारखान्याने हिशेबासाठी नवा संगणक घेतला, तरी त्यात बहुधा ही सोय असते. मात्र ती वापरणाऱ्यास तिची जाणीव असतेच असे नाही.

त्रुटींचे स्वरूप : चिप ओळखणे, तिच्यासाठी स्मृतीतील जागा राखणे, व्यत्यय संकेताची व्यवस्था करणे, चिपला आरंभाची आज्ञा देणे आणि शेवटी इतर आज्ञावल्यांसाठी प्रवेशद्वार म्हणून एक उपकरण फाईल निर्माण करणे, अशा पायऱ्यांनी चालक आज्ञावलीचे काम सुरू होते. यांतील कोणतीही पायरी फसू शकते. चौथी पायरी फसल्यास तिसरी, दुसरी व पहिली याच क्रमाने उलगडावी लागते. बांधकामावरील परांची जशी वरून खाली सोडवीत येतात तसाच हा प्रकार आहे. या उलगडण्यात मुख्यतः तीन प्रकारच्या चुका होतात. घेतलेली स्मृती परत न केल्यास ती वाया जाते. एकच स्मृती दोनदा परत केल्यास स्मृतीचा हिशेब बिघडतो. परत केलेली स्मृती नंतर वापरली गेल्यास मात्र तेथे आपल्याला हवी ती माहिती पेरून कर्नलवर ताबा मिळविण्याची संधी हल्लेखोरास मिळू शकते. यांतील तिसरी चूक सर्वांत घातक होय.

इतिहास : लिनक्समध्ये टीपीएमची चालक आज्ञावली २००५ साली २·६·१२ या आवृत्तीत समाविष्ट झाली. आयबीएममधील लीन्डर्ट व्हॅन डोर्न, डेव्ह सॅफर्ड, राइनर सेलर व काइलीन हॉल हे तिचे लेखक होत. त्या काळी उलगडण्याचे सर्व काम लेखकाने हाताने लिहावयाचे असे. त्यासाठी सी भाषेतील ‘गोटू’ या उडी घेण्याच्या आज्ञेचा वापर होई. डच संगणकशास्त्रज्ञ एड्सखर डाइक्स्ट्रा यांनी १९६८ मध्ये या आज्ञेच्या सैल वापरावर कठोर टीका केली होती. तथापि त्रुटी आढळताच फलनाच्या अखेरीस रचलेल्या उलगडण्याच्या पायऱ्यांवर योग्य ठिकाणी उतरण्यासाठी ती लिनक्समध्ये मान्य झाली. या रीतीत दोष असा की, पुढे एखादी नवी पायरी घालणारा तिची जोड पायरी खाली घालावयास विसरू शकतो.

२००७ मध्ये टेजुन हिओ यांनी साधने त्या त्या उपकरणाच्या नावे नोंदविण्याची पद्धत कर्नलमध्ये आणली. उपकरण काढले गेले किंवा त्याची मांडणी फसली, तर नोंदविलेली साधने उलट क्रमाने आपोआप परत होऊ लागली. टीपीएमच्या संहितेत ही पद्धत यार्को साक्किनेन यांनी २०१५ मध्ये ४·० या आवृत्तीत व्यापकपणे योजली. त्यापूर्वी चिपची मांडणी पूर्ण होण्याआधीच तिची उपकरण फाईल इतर आज्ञावल्यांस दिसू शकत असे. साक्किनेन यांनी रचना तयार करणे आणि ती प्रकट करणे असे दोन टप्पे वेगळे केले. तरीही दुसऱ्या टप्प्याआधीच मांडणी फसल्यास पहिल्या टप्प्यातील रचना परत होत नसल्याचे आढळले व २०१६ मध्ये ती उणीव दूर करण्यात आली. त्याच वर्षी जेसन गन्थॉर्प यांनी, चिप वापरात असतानाच तिची चालक आज्ञावली काढली गेल्यास गोंधळ होऊ नये म्हणून, सक्षम कुलूपबंदीची योजना केली.

त्रुटिहाताळणी ही संगणक बंद करण्याच्या वेळीही महत्त्वाची असते. बंद होण्याची सूचना न मिळता टीपीएम २·० चिपची वीज गेल्यास ती घटना संशयास्पद मानून चिप आपल्या गणकात भर घालते. गणक मर्यादेबाहेर गेल्यास खुद्द मालकासही काही काळ किल्ल्या मिळत नाहीत. संगणक बंद वा पुन्हा सुरू करताना चिपला रीतसर सूचना देण्याची तरतूद लिनक्समध्ये २०१७ मध्ये झाली.

दुरुस्तीतूनही नवा दोष उद्भवू शकतो, याचे उदाहरण त्याच वर्षी घडले. टीपीएम २·० साठी दुसरी उपकरण फाईल देण्यात आली व तिच्याकरिता मूळ रचनेचा एक जादा संदर्भ राखण्याचे योजले गेले. परंतु चिप कोणत्या आवृत्तीची आहे हे ठरण्याआधीच त्याची तपासणी होत असल्याने तो संदर्भ प्रत्यक्षात कधीच राखला जात नसे. फाईल उघडी असताना चालक आज्ञावली काढून टाकल्यास परत केलेली स्मृती वापरली जाई. लिनो सॅनफिलिपो यांनी २०२२ मध्ये हा दोष दुरुस्त केला. तोवर सुमारे पाच वर्षे लोटली होती. आभासी टीपीएम वापरणाऱ्या संगणकांत यातून स्थानिक वापरकर्त्यास वाढीव अधिकार मिळण्याचा संभव असल्याने सुरक्षादोषांच्या सार्वजनिक यादीत त्याची नोंद झाली.

पीटर झिल्स्ट्रा यांनी २०२३ मध्ये ६·५ या आवृत्तीत आणखी एक सोय आणली. तीनुसार चलाची व्याप्ती संपताच त्याने धरलेली स्मृती किंवा कुलूप सोडण्याचे काम संकलक स्वतःच करतो. हाताने लिहिलेल्या पायऱ्यांची जागा हळूहळू ही पद्धत घेत आहे.

महत्त्व : पुणे येथे मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेने विकसित केलेली बॉस ही भारतीय परिचालन प्रणाली लिनक्सवरच आधारलेली आहे. म्हणून मूळ कर्नलमधील गुण व दोष दोन्ही तिच्याकडे वारशाने येतात, आणि दुरुस्त्या वेळोवेळी स्वीकारणे अगत्याचे ठरते. चिप कितीही भक्कम असली, तरी तिच्यापर्यंत जाणारा मार्ग चालक आज्ञावलीतूनच जातो. त्या मार्गाची परीक्षा सर्व सुरळीत चालू असताना होत नाही. काही बिघडते तेव्हाच होते. म्हणूनच यशाच्या वाटेइतकीच अपयशाची वाटही तपासून पाहणे, हा सुरक्षेचा अविभाज्य भाग मानला जातो.